परमुलखातील दिवस – लेखांक सातवा : उघड्या दाराचा दस्तूर

गेल्या लेखांकाच्या अखेरीस मी एक वाक्य सहज लिहून गेलो होतो की, पॅरिस शहरी नव्वद दिवसांच्या मुक्कामात गायन, नृत्य, चित्र आणि शिल्प यांचा जो काही आस्वाद माझ्या वाट्यास आला, त्यातील निम्म्याहून अधिक भागासाठी मला एक छदामही मोजावा लागला नाही. त्या वाक्याने आमच्या देऊळघाटात भलताच घोळ घातला. अंक आला त्या दिवशी संध्याकाळी पारावरून जात असता आमच्याच आळीतील एका वृद्ध शेतकऱ्याने मला हाक मारून थांबवले आणि विचारले, “गुरुजी, तिकीट नाही म्हन्ता, तं मंग त्या गानेवाल्याईचं पोट कसं भरते?”

प्रश्न ऐकून मी थोडा ओशाळलो, कारण तीन महिने त्या शहरात हिंडताना जो प्रश्न मला प्रथम पडावयास हवा होता, तो पैनगंगेचे खोरे सोडून फारसे कोठे न गेलेल्या माणसाला पहिल्या झटक्यात पडला होता. या आठवड्यात दुसरा विषय योजिला होता, तो बाजूस ठेवून त्याच्या प्रश्नाचाच परामर्श घेतो.

आमच्या गावच्या माणसाला फुकटाची नवलाई नाही. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन होते. काल्याच्या दिवशी गावजेवण होते. आणि मांडवाच्या तोंडाशी उभे राहून कोणी कोणाला तिकीट मागत नाही. उरुसाच्या रात्री कव्वालीची बारी रंगते, तेथेही हिंदू-मुसलमान कोणासच मज्जाव नसतो. पण या फुकटाचा जमाखर्च गावातील प्रत्येकास तोंडपाठ असतो. सप्ताहाची वर्गणी कोणी धान्यात दिली आणि कोणी रोख दिली, पावतीपुस्तक कोणाकडे आहे, कीर्तनकारबुवांची बिदागी किती ठरली, आरतीच्या ताटात काय जमले, कव्वालासमोर कोणी किती नोटा ठेवल्या, हे सारे दुसऱ्या दिवशी चावडीपाशी उघडपणे बोलले जाते. म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘फुकट’ म्हणतो त्याची तीन-चार निरनिराळी खाती असतात. आपण त्यांना निरनिराळी नावे मात्र दिलेली नाहीत.

फ्रेंच लोकांनी ती दिली आहेत, आणि त्या शहरात काही पाहावयास निघालेल्या माणसाने आधी ही नावे शिकून घ्यावी असे माझे मत आहे. जाहिरातीवर ‘ग्रात्युइ’ असे लिहिले असेल, तर किंमत शून्य असून खर्च दुसऱ्या कोणी, बहुधा नगरपालिकेने किंवा सरकारने, सोसला आहे असे समजावे. ‘आँत्रे लिब्र’ म्हणजे प्रवेश मुक्त. यावे, थांबावे, कंटाळा आल्यास उठून जावे. ‘पार्तिसिपासियों लिब्र’ म्हणजे देणे तुमच्या खुषीवर, आणि ही खुषी नोंदवण्यासाठी दाराशी एक टोपली ठेवलेली असते. ‘ओ शापो’ म्हणजे टोपीत. खेळ संपल्यावर कलावंत टोपी उलटी करून फिरवतो, अगदी आपला डोंबारी थाळी फिरवतो तशी. या चौघांच्या खाली कधीकधी बारीक अक्षरांत ‘सुर रेझेर्वासियों’ असे छापलेले असते आणि फुकटातील सर्वांत फसवे कलम हेच, कारण पैसा नको असला तरी जागा आगाऊ नोंदवलेली असावी लागते, आणि त्या जागा कित्येकदा आठ-आठ दिवस आधी संपून गेलेल्या असतात.

शब्दांच्या बाबतीत माझी फजिती पहिल्याच आठवड्यात झाली. एका रस्त्यावर काचेच्या दारावर सुबक अक्षरांत ‘आँत्रे लिब्र’ लिहिलेले पाहून मी मोठ्या विश्वासाने आत शिरलो. आत नाना आकारांचे दिवे आणि नक्षीदार खुर्च्या मांडलेल्या होत्या. हात पाठीमागे बांधून, प्रत्येक वस्तूपुढे दोन-दोन मिनिटे थबकून, मी ते संग्रहालय दहा मिनिटे पाहिले, आणि मग एक बाई अदबीने जवळ येऊन काहीतरी विचारू लागल्या तेव्हा समजले की ते सामानसुमानाचे दुकान होते. विकत घेण्याची सक्ती नाही, नुसते पाहून जाण्याची मुभा आहे, असे गिऱ्हाइकास सांगण्यासाठी तेथील दुकानदारही हेच दोन शब्द दारावर लावतात.

आता खऱ्या संग्रहालयांकडे वळतो. पॅरिस नगरपालिकेच्या मालकीची जी संग्रहालये आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा कायमचा संग्रह २००१ सालापासून सर्वांस विनामूल्य खुला आहे. तात्पुरत्या प्रदर्शनांना मात्र तिकीट पडते. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी उभारलेला पती पाले हा प्रासाद, व्हिक्टर ह्यूगो १८३२ पासून १८४८ पर्यंत ज्या वाड्यात राहिला तो प्लास दे व्होझ चौकातील वाडा, पासी भागातील बाल्झाकचे घर, आणि सबंध शहराच्या इतिहासाला वाहिलेले कार्नाव्हाले, ही सर्व या यादीत येतात. यांतील कार्नाव्हालेत मी चार वेळा गेलो. तेथील एका दालनात जुन्या दुकानांच्या पाट्या टांगल्या आहेत, आणि निरक्षर गिऱ्हाइकाला दुकान ओळखता यावे म्हणून किल्लीवाल्याने भलीमोठी किल्ली आणि खानावळवाल्याने एखादे जनावर दारावर कसे टांगावे, याचा तो सारा इतिहास आहे. ज्या माणसास फ्रेंच पाट्या वाचता येत नाहीत त्याला त्या दालनात जितके घरच्यासारखे वाटते तितके अन्यत्र क्वचितच वाटेल.

सरकारी संग्रहालयांचा कायदा निराळा. पुष्कळ ठिकाणी महिन्याचा पहिला रविवार मोफत असतो. लूव्ह्रचा फुकट प्रवेश पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर, आणि तोही जुलै-ऑगस्ट वगळून. माझ्या वाट्यास त्यामुळे सप्टेंबरातील एकच शुक्रवार आला आणि त्यासाठी आगाऊ नोंदणी लागते हे मला त्याच दिवशी दुपारी समजले! लूव्ह्रचा इतिहास मात्र आमच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाशी निगडित आहे. राजसत्ता उलथून पडल्याला एक वर्ष पूर्ण झाले त्या दिवशी, म्हणजे १० ऑगस्ट १७९३ रोजी, तो राजवाडा प्रजेसाठी संग्रहालय म्हणून खुला करण्यात आला. आत टांगलेली चित्रे राजाकडून, सरदारांकडून आणि मठमंदिरांतून जप्त केलेली होती. चित्र ही रयतेची मालमत्ता आहे, सबब ते पाहण्याचा हक्क रयतेस आहे, हा विचार अशा जप्तीच्या हुकुमातून जन्मास आला. आणि पुढे लूव्ह्रला तिकीट लागले तरी तो विचार त्या लोकांच्या मनातून गेला नाही. नगरपालिका संग्रहालयावर पैसा खर्च करते याचे तेथील नागरिकास उपकार वाटत नाहीत. कर आपणच भरला आहे, हे तो जाणून असतो.

या विषयात एक बोचही आहे, ती सांगून टाकतो. पार्क माँसोच्या शेजारी सेर्नुस्की नावाचे आशियाई कलेचे संग्रहालय आहे, तेही नगरपालिकेचे आणि विनामूल्य. त्याच्या मधल्या दालनात जपानातील मेगुरो येथून आलेली ब्राँझची विशाल बुद्धमूर्ती बसलेली आहे. आंरी सेर्नुस्की या धनिकाने १८७१ ते १८७३ च्या प्रवासात ती संपादन केली. मूर्ती अपूर्व आहे. परंतु तिच्यासमोर उभे राहिल्यावर मला राहून राहून आमच्या पैनगंगेच्याच काठचे मेहकर आठवले. तेथे १८८८ साली शार्ङ्गधर बालाजीची अद्भुत मूर्ती जमिनीतून निघाली, आणि साहेबाने ती विलायतेस नेऊ नये म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईने तिची प्रतिष्ठापना केली, असे मेहकरचे लोक आजही सांगतात. ती घाई झाली नसती तर कदाचित मलाही ती मूर्ती एखाद्या परक्या शहरात, महिन्याच्या पहिल्या रविवारी, मोफतच पाहावी लागली असती.

मी पॅरिसला पोहोचलो तो जूनचा विसावा दिवस, आणि हा योग तेथे असलेल्या माझ्या मुलीने हेतुपुरःसर साधला होता. दुसरा दिवस एकवीस जून, म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा दिवस, आणि त्या दिवशी सबंध फ्रान्सभर संगीताचा उत्सव असतो. १९८२ साली जाक लांग हे सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना, आणि मोरिस फ्लरे त्यांच्या हाताखाली संगीताचा कारभार पाहत असताना, असे ध्यानात आले की देशात कोणते ना कोणते वाद्य वाजवणारी माणसे लक्षावधी आहेत, पण त्यांचे वादन घराच्या चार भिंतींबाहेर येत नाही. त्यावर तोडगा म्हणून एक रात्र रस्ते त्यांच्या स्वाधीन करण्यात आले. उत्सवाच्या नावातच एक कोटी आहे. ‘फेत द ला म्युझीक’ हे शब्द एका पद्धतीने लिहिले तर ‘संगीताचा सण’ असा अर्थ होतो आणि दुसऱ्या पद्धतीने लिहिले तर ‘संगीत करा’ अशी आज्ञा होते. कोणाकडूनही पैसा घ्यावयाचा नाही, हा त्या रात्रीचा मुख्य नियम.

विमानाच्या शिणाने माझे डोळे मिटत होते, आणि आकाशात रात्री दहा वाजताही उजेड होता. एका चौकात सुटाबुटातील पाच-सहा प्रौढ गृहस्थ, जे दिवसा बहुधा बँकेत किंवा कचेरीत असावेत, पितळी वाद्ये घेऊन उभे होते. त्यांच्यापासून शंभर पावलांवर शाळकरी मुली व्हायोलिन वाजवत होत्या. पलीकडे आफ्रिकी ढोल. आणि एका गल्लीत फक्त एक म्हातारा अॅकॉर्डियन घेऊन स्टुलावर बसला होता, त्याच्यासमोर तिघेच श्रोते होते. वादन सारेच चांगले होते असे नाही. मुली दोनदा चुकल्या आणि पुन्हा आरंभापासून वाजवू लागल्या. पण गर्दीतील कोणी हसले नाही, तेव्हा मला आमच्या सप्ताहातील तो टाळकरी आठवला, ज्याचा ताल गेली तीस वर्षे चुकत आला आहे आणि ज्याला रांगेतून काढून टाकावे असे अजून कोणाच्या मनात आलेले नाही.

या रात्रीपुरते आमच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. गाणाऱ्याचे पोट दुसऱ्या धंद्यावर भरते.

चौदा जुलैच्या राष्ट्रीय सणाविषयी वृत्तपत्रांतून पुष्कळ येते, सबब संचलन आणि आतषबाजी यांवर मी जागा खर्च करीत नाही. दोन गोष्टी मात्र कमी लोकांस ठाऊक असतात. १६८० साली चौदाव्या लुईच्या हुकुमाने स्थापन झालेली कोमेदी फ्राँसेझ ही नाट्यसंस्था त्या दिवशीचा एक प्रयोग मोफत करण्याची परंपरा पाळते. आणि आदल्या रात्री शहरातील आगीच्या बंबवाल्यांची ठाणी नाचासाठी खुली होतात. १९३७ साली मोंमार्त्रच्या ठाण्यापासून सुरू झालेल्या या प्रथेत दाराशी पुष्कळदा एक पिंप ठेवलेले असते आणि जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे त्यात नाणी-नोटा टाकतो. आमच्या गावी आगीचा बंब बुलढाण्याहून येतो. तो येईपर्यंत बहुधा गंजी जळून गेलेली असते, म्हणून आम्हांला त्याच्यासमोर नाचण्याचे कधी सुचले नाही.

परंतु ज्या जागेने मला खरोखर बांधून ठेवले ती सँ-तुस्ताश या चर्चची. ले आल भागात, जेथे १९६९ पर्यंत पॅरिसचा भाजीपाल्याचा आणि मच्छीचा मोठा बाजार भरत असे, त्याच्या अगदी कडेला हे भव्य देवालय उभे आहे. १५३२ मध्ये बांधकाम सुरू झाले आणि पुरे होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली. मोलियेरचा बाप्तिस्मा १६२२ साली येथेच झाला. याच्या दारावरील सज्जात सुमारे ८००० नळ्यांचा ऑर्गन आहे आणि रविवारी सायंकाळी, धार्मिक विधीच्या आगेमागे, तो अर्धा-पाऊण तास वाजवला जातो. कोणीही जावे. वेताच्या खुर्च्या असतात, त्यांवर बसावे.

चमत्कारिक गोष्ट अशी की श्रोत्यांची तोंडे वेदीकडे असतात आणि नळ्या त्यांच्या पाठीमागे, दाराच्या वर असतात. गवय्याच्या तोंडाकडे पाहून दाद देण्याची आपली सवय तेथे निरुपयोगी ठरते. पहिल्या रविवारी मी दोन-तीन वेळा मान वळवून पाहिली, मग सोडून दिले. खालच्या सप्तकातील मोठ्या नळ्या बोलू लागल्या म्हणजे आवाज कानाने ऐकण्यापूर्वी खुर्चीच्या पाठीतून अंगात येतो. आणि वादक थांबला तरी त्या उंच कमानींत शेवटचा स्वर रेंगाळत राहतो, तो पुरता विरेपर्यंत कोणी खोकतसुद्धा नाही. माझ्या शेजारी एक भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली वृद्धा होती, तिच्या पलीकडे निराश्रित वाटणारा एक तरुण डोळे मिटून बसला होता. हाती काही काम नसलेल्या माणसाला शहरात दोन तास कोणी हाकलून न देता बसू देईल अशा जागा थोड्या असतात. बाहेर पडताना टोपलीत मी पाच युरो टाकले. मुलीला ते जास्त वाटले, मला कमी. आमच्याकडे आरतीचे ताट समोर आले म्हणजे मागचा काय टाकतो ते पाहून आपण टाकतो. येथे टोपलीकडे कोणीच पाहत नव्हते, आणि त्यामुळे निर्णय अधिक कठीण झाला होता.

भाषेची अडचण येत नाही काय, असे काहींनी विचारले आहे. नाटकात येते, संगीतात येत नाही, आणि व्याख्यानात तर पुरतीच येते. तरीही व्याख्यानाच्या एका जागेचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या फ्रान्सिस राजाने १५३० साली स्थापिलेल्या कोलेज द फ्राँस या संस्थेत परीक्षा नाही, पदवी नाही आणि नावनोंदणीही नाही. त्या त्या विषयातील अग्रगण्य पंडितांनी वर्षभर व्याख्याने द्यावीत आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीही आत येऊन ती ऐकावीत, असा तिचा दस्तूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्गसाँ या तत्त्वज्ञाची व्याख्याने ऐकण्यास तेथे माणसे दाटीवाटीने उभी राहत. मी गेलो तेव्हा उन्हाळ्याची सुटी होती, अंगणातील पुतळ्यांखेरीज कोणी भेटले नाही. पण त्या अंगणात उभे राहण्यास मला एक खाजगी कारण होते. मराठी भाषेची घडण कशी झाली यावर १९२० साली फ्रेंचमध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणारे झ्यूल ब्लॉक १९३७ पासून याच संस्थेत संस्कृतचे अध्यापक होते. आपल्या ‘आहे’ आणि ‘नाही’ची वंशावळ ज्याने शोधली, त्याच्या व्याख्यानाला पॅरिसचा पाववाला तिकिटावाचून जाऊन बसू शकत होता. आपल्याकडे रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तिच्या मुळाशीही हीच वृत्ती होती.

सप्टेंबरातील तिसऱ्या शनिवार-रविवारी वारसास्थळांचे दरवाजे उघडतात. १९८४ साली सुरू झालेल्या या प्रथेने एरवी पहारा असलेली मंत्रालये, नगरभवन, राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सारे लोकांस पाहता येते. रांगा तासन्‌तास असतात. माझ्या मुक्कामाच्या परवान्याची मुदत त्याच सुमारास संपत असल्याने मी एकच स्थळ पाहू शकलो, तेही धावतपळत. लिहिण्याजोगे काही नाही.

ऑगस्टाच्या अखेरीस, गणेशचतुर्थीच्या सुमाराच्या एका रविवारी, मुलगी म्हणाली, “बाबा, आज धोतर नेसा.” उत्तर स्थानकाच्या मागे ला शापेल नावाची वस्ती आहे, श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची. तेथे १९८५ साली स्थापन झालेल्या माणिक्क विनायकर मंदिरातून रथ निघतो. नादस्वरम् आणि तविलच्या गजरात अनवाणी माणसे दोरखंड ओढतात, स्त्रिया डोक्यावर जळत्या कापराची भांडी घेऊन चालतात, आणि रस्त्यावर ठिकठिकाणी रचलेल्या नारळांच्या राशी रथापुढे धडाधड फोडल्या जातात. आमच्या जिल्ह्यात सैलानी बाबांच्या यात्रेत होळीला नारळांची होळी करतात, तिचा वास ज्याच्या नाकात बसला आहे त्याला नारळाच्या राशीचे अप्रूप नाही. पण डांबरी रस्त्यावर फुटणाऱ्या नारळाचा आवाज आणि दोन्ही बाजूंच्या पाच मजली घरांच्या खिडक्यांतून वाकून पाहणारी फ्रेंच मुले, हे दृश्य वेगळेच होते. दुकानदार आपापल्या दारात उभे राहून सरबत आणि प्रसाद वाटत होते. हे खाते कोणाचे म्हणून मी चौकशी केली, तेव्हा एका किराणा दुकानदाराने मोडक्या इंग्रजीत सांगितले की मंदिर वर्गणी काढते आणि पावती देते.

पावती शब्द ऐकून मला बरे वाटले. त्याने फुटक्या नारळाची एक वाटी माझ्या हातात ठेवली. शेजारी उभ्या असलेल्या एका फ्रेंच बाईने आधी त्या वाटीकडे आणि मग माझ्याकडे पाहून किती पैसे पडतात असे खुणेने विचारले. माझ्याजवळचे खोबरे मोडून अर्धे तिला दिले आणि उरलेले खिशात टाकले. ते दुसऱ्या दिवशी मुलीने चटणीत घातले.